डावा गाल

सगळ्यात आधी माझ्या बोटांना कळलं.
माशेलच्या जत्रेत, देवळामागच्या झावळ्यांच्या खोलीत
कुंदाबायच्या तोंडाला रंग लावत होतो.
उजवीकडे स्पंज सरळ घसरला,
डावीकडे, जबड्याच्या कोनाशी,
चढण लागल्यासारखा अडला.

म्हटलं, दाढ दुखते काय गो?
म्हणाली, रंग जास्त झाला असेल रे शाणू.
बावीस वर्षं तोंडं रंगवतो. माझा रंग जास्त होत नाही.

तिसऱ्या अंकात तिला वाक्यच नाही.
नवरा उंबरा ओलांडतो, ती नुसती दात आवळते,
आणि त्या जागेला टाळी असते.
त्या रात्री विंगेतून पाहिलं :
दात आवळले तसं गालात लिंबाएवढं काही
वर आलं, घट्ट झालं;
सोडले, बुडालं.
लोकांनी टाळी दिली.

म्हापशाच्या डेंटिस्टनं दाढ उपटली. चांगली होती बिचारी.
फोंड्याला गालगुंड ठरलं, आठ दिवस गोळ्या.
सासूनं लेप लावला, हळदीचा आणि आणखी कशाकशाचा.
मग कुणीतरी हलक्या आवाजात तो शब्द काढला,
आमच्या गावात जो कुणी पुरा उच्चारत नाही.
तो उशाला घेऊन ती सहा महिने जागी राहिली.

शेवटी बांबोळी.
डॉक्टर इस्मेनिया कुलासो, बारीक चणीच्या, चष्मा दोरीला बांधलेला.
गालावर गार जेली, वर यंत्र.
"दात आवळ, बाय."
पडद्याबाहेर मला हसू फुटलं,
दिग्दर्शकही तिला एवढंच सांगतो.
"आता मान खाली. पायांकडे बघ."
गाल भरला.
"वर बघ." ओसरला.
मग बोट ठेवून कितीतरी वेळ गप्प. ठोका नाही.

एमआरआयच्या काळ्या फिल्मवर
चावायचा स्नायू करडा, त्याच्या पोटात
पांढराशुभ्र घोस, फुगलेल्या शिरांचा,
आणि घोसात मोहरीएवढा काळा ठिपका.
"रक्त तुंबलं तिथं खडा धरला. कॅन्सर नव्हे हा.
शिरांची गाठ, स्नायूच्या आत. वीस वर्षांत ही तिसरी बघते."
कुंदाबाय रडली नाही. विचारलं,
"आधीच्या दोघी कशा आहेत?"

सुई झाली दोनदा. शिरा आतून सुकवणारं औषध.
गाठ उतरली, शिगम्याला परत आली.
तेव्हा सर्जननं कागदावर एक कान काढला,
कानाखालून निघणारी नस, तिच्या पाच फांद्या :
ही कपाळाची, ही पापणीची, ही हसण्याची.
"गाठ हिच्या तळाशी बसलीय.
वरच्या बिऱ्हाडाला जाग न आणता काढायची."
तो कागद मी मागून घेतला. रंगपेटीत आहे.
इतकी वर्षं मी त्या फांद्यांवरून ब्रश फिरवत होतो.

पाच तास.
नंतर कळलं, नस ओळखायला विजेचं टोक लावत,
आणि भूल दिलेली कुंदाबाय
ओठाच्या डाव्या कोपऱ्यानं हसे.
ते हसू पाहून पुढची कात्री चाले.

दीड महिना तोंड वाकडं. पेज, तीही गाळून.
आरशासमोर शीळ, फुंकर, परत शीळ.
मेणबत्ती विझेना.
चवथीच्या आदल्या दिवशी विझली.

आता डाव्या गालात खळगा आहे,
तिथं मी एक छटा फिकी लावतो.
कानापुढची रेघ बटेखाली जाते.
राहिलं ते एवढंच, की काही खाल्लं
तर त्या कानापुढे घाम फुटतो.
नसा जुळताना चुकल्या म्हणे,
लाळेचा निरोप घामाला पोचतो.

तिसऱ्या अंकात उजवा गालच तेवढा उठतो.
टाळी जरा उशिरा येते.

काल फुटाणे खाऊन आली, सगळी पावडर वाहून गेली.
मी ओरडलो.
ती हसली, आधी उजवीकडून,
मग, अर्ध्या क्षणानं,
डावीकडून.