डब्यावरची अक्षरं

वडगावात, मागांच्या खडखडाटाला लागून
माझी पिठाची गिरण.
बाकड्यावर दोन पेपर, एक मराठी, एक कन्नड.
दहा वाजेपर्यंत दोन्हींवर पीठ बसतं,
फुंकर मारल्याशिवाय एकही बातमी दिसत नाही.

पट्टा फिरत असतो तेव्हा सगळे मनात वाचतात.
सांबरेकर मास्तर आधी निधनाचं पान काढतात,
नाव ओळखीचं नसलं की चहा सांगतात.
परशा बटाट्याचा भाव बघतो, मग कुस्ती,
मग परत बटाट्याचा भाव,
जणू मधल्या वेळात वाढला असेल.
चौगुल्यांची अनघा मोबाईलवर कादंबरी वाचते,
अंगठ्यानं वर वर ढकलत;
काचेवर पिठात एक रस्ता उमटत जातो.
"कसलं वाचायलीस ग?" म्हटलं तर
"रडायचं आलंय मावशी, थांबा जरा."

करंट गेला की मात्र गिरणीला कंठ फुटतो.
चन्नबसप्पा, रिटायर कंडक्टर,
कन्नड पेपर उभा धरून
मागच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात वाचतो,
दर वाक्याला थांबून मराठीत सांगतो,
आणि मास्तर मराठी पेपर उघडून त्याच्या चुका काढतात.
धरणातलं पाणी एका पेपरात जास्त, एकात कमी.
"आपण मधलं पिऊ की," चन्नबसप्पा म्हणतो.

माझं वाचन विचाराल तर पुडीचे कागद.
जिऱ्याची, साखरेची, भडंगाची,
सोडवायची आणि गुडघ्यावर सरळ करायची.
एका गोष्टीत शोभना नावाची बाई
स्टेशनात उतरली, हातात पिंजरा.
पिंजऱ्यात काय, ते पुढच्या पानावर.
सहा वर्षं झाली. दुकानदाराला विचारून झालं.
परवा एका पुडीत शोभना भेटली,
पण ती दुसरी. हिची सासू चांगली होती.

कन्नड मी शाळेत नाही शिकले,
डब्यांवर शिकले.
ऑइलपेंटनं लिहिलेली नावं; एक चुकलं
तर याच्या ज्वारीत त्याची नाचणी
आणि दोन घरांत आठवडाभर तोंडं वाकडी.
गंगव्वाचा डबा माझा पहिला धडा:
ग म्हणजे कमान, वर तुरा.
शेजारी पूज्य. परत कमान.
मग व, आणि त्याच्या पायाशी बसलेलं
व-चंच बारकं पोर.
"अव्वा म्हणजे आई," ती म्हणाली,
"एवढं आलं की निम्मी भाषा आली बघ."
उरलेली निम्मी अजून दळणाच्या रांगेत आहे.

गेल्या बुधवारी तिनं डबा ठेवला.
"भाकरीला बारीक काढ, सांजचं येतो मी."
बाईमाणूस असून येतो म्हणायची,
मी कधी दुरुस्त केलं नाही.
गुरुवारी डबा तिथंच. शुक्रवारी तिथंच.
शनिवारी झाडताना कन्नड पेपर उचलला,
मी तो नुसता घडी घालायला उचलते.
खाली कोपऱ्यात चौकट, फोटोवर पीठ.
फुंकर मारायच्या आतच दिसलं:
कमान, पूज्य, कमान,
व, आणि पायाशी पोर.

पेपरात मी वाचलेला तो पहिला कन्नड शब्द.
पुढच्या ओळी नुसत्या गोल गोल.
आकडा तेवढा कळला, एकाहत्तर.
मला ती साठीची वाटायची.

चन्नबसप्पाला हाक मारली नाही.
पट्टा चालू होता, ऐकूही गेलं नसतं.
मास्तरांनी त्यांच्या पेपरातलं पान मिटलं,
"आज आपलं कोणी नाही," असं ओठांवरून दिसलं,
आणि चहावाल्या पोराला चार बोटं दाखवली.

मी पाच दाखवली.