मेणाचे दोन हात

इकडचा पाऊस वरून पडतच नाही.
समुद्राकडून आडवा येतो,
टोपीच्या काठाखाली शिरतो,
बाहीतून कोपरापर्यंत चौकशी करून जातो.
अशा पावसात घडीचा कागद उघडायचा
म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती
घरची पत्रं देण्यासारखं.

फोर्ट विल्यमच्या दुकानात पोरगा
गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी दाखवत होता.
बेहाक आत्यानं ती तोंडाशी धरली,
आत एक लांब श्वास सोडला
आणि साचलेलं धुकं त्याच्यापुढे केलं.
"बाहेरचं थोपवशील रे. आतल्याचं काय?"
मग स्वतःसाठी दोन पांढऱ्या मेणबत्त्या घेतल्या.
पिशवी मला.
नवशिक्याला चालते म्हणे.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा.
आधी मेणबत्ती आडवी धरून घासायची,
मग वर खाकी कागद, त्यावरून इस्त्री,
ताप आलेल्या कपाळाइतकीच गरम.
रंगाला देतात तसे मेणाचे दोन हात.
"कागद पाण्यानं मरत नाही," आत्या म्हणाली,
"घडीत मरतो. पाणी नुसतं उचलायला येतं."
चौथी घडी नेमकी मेंढपाळांच्या खोपटावरून गेलेली.
खोपटाचं छप्पर एकतीस वर्षांत दोनदा बदललं;
इथं मात्र भोक, करंगळी जाईल एवढं.

डोंगराच्या रेषांमधून फेरगसकाकांची पेन्सिल,
बारीक, उजवीकडे कललेली:
ऑक्टोबरनंतर इथून ओढा ओलांडू नये.
बेहाकचा बूट रुतला, डावा.
वारा लागत नाही, चहा इथंच.
आणि खिंडीच्या जरा अलीकडे:
इथं भांडलो.
"कशावरून गं?"
"सँडविचवरून असेल. नाहीतर त्याच्या आईवरून."
तेवढ्या जागेवर तिनं तिसरा हात दिला.

सकाळी निघालो.
अकरापर्यंत माझ्या पिशवीत ढग उतरला होता,
अख्खं खोरं त्यात गडप.
मी बोटानं पुसत होते, बाहेरून,
उगाच.
तिच्या नकाशावर थेंब यायचे,
गोळा होऊन उभे राहायचे
पाय न टेकवता,
आणि ती कागद जरासा कलता करायची.
पाहुण्यांना दार दाखवावं इतकं सहज.

दुपारी पूल नव्हता.
दोन खांब, एक लोंबती तार,
आणि खालून जाणारं पाणी,
काळ्या चहाच्या रंगाचं, घाईत.
आत्यानं कानामागची पेन्सिल काढली.
लिहायला गेली तर टोक घसरलं.
पुन्हा घसरलं.
तिसऱ्यांदा तिनं जोर लावला
आणि शिसंच मोडलं.
मेणाखाली काका जसेच्या तसे होते, कोरडे,
अक्षरही फुटलेलं नाही,
आणि वर कुणाला काही म्हणायची सोय नाही.

मग तिनं केसातला आकडा उपसला.
गुडघ्यावर नकाशा, नकाशावर आकडा,
मेण खरवडत
दोनच शब्द: पूल गेला.
"अगं, पाणी शिरेल ना तिथून!"
"शिरू दे की."
काठावरचा काळा चिखल तिनं बोटावर घेतला,
ओरखड्यांवर चोळला,
बाहीनं पुसला.
चिखल गेला, अक्षरं राहिली,
तपकिरी, वाकडी,
काकांच्या ओळीला अगदी खेटून.

लांबच्या वाटेनं परतलो, चार तास जास्त.
भांडणाच्या जागेवरून गेलो तेव्हा
तिनं मान वळवली नाही, मीही विचारलं नाही.
रात्री शेकोटीपाशी मोजे पिळताना म्हणाली,
"उद्या त्या ओरखड्यावर मेण लावायला हवं."
पाणी ठिबकत होतं लाकडाच्या जमिनीवर.
"एकच हात. पुरे होईल."