उंदा मारिस

खटक्यावरचं नाव झिजलेलं होतं.
परशाने टॉर्च धरून एकेक अक्षर लावलं,
"उंदा... मारिस. मामा, उंदीर मारीस!"
हसलो. भात्यात खरंच उंदरांचं बाळंतपण झालेलं,
कातडं कुरतडून, लॅटिन स्तोत्रांच्या चिंध्यांवर.

मी पेटीवाला. नौपाड्यात दुकान, वडिलांपासूनचं.
नळ्यांचा ऑर्गन आतून कधी पाहिला नव्हता.
पण चेंदणीच्या खाडीकडे पाठ करून बसलेल्या त्या देवळात,
तिथली माणसं चर्चला देऊळच म्हणतात,
फादर सालदान्हा म्हणाले, "हवा आणि सूरच ना शेवटी?"
तेही खरंच.

भाता शिवला. बकरीचं कातडं, सरस, चार रविवार.
मग एकेक खटका ओढून ऐकत गेलो.
सगळे बरे होते.
हा एक सोडून.
एकोणपन्नास नळ्या, करंगळीपासून मनगटापर्यंत जाड,
आणि एकही जागेवर नाही.
शेजारच्या रांगेपेक्षा प्रत्येक केसभर उतरलेली.
दोन्ही रांगा एकत्र सोडल्या
की सूर डुलायचा, पाण्यात दिवा बघावा तसा.

वडील सांगायचे, दोन सूर जवळ येतात आणि मिळत नाहीत
तेव्हा मधे लाट उठते.
ती मारायची.
पितळी पातीवर कानशीचा एक घास, ऐक,
अर्धा घास, ऐक,
लाट लांबत जाते, दमते, झोपते.
त्या क्षणाचे पैसे मिळतात आपल्याला.

दोन दिवस माळ्यावर पालथा पडून
नळीनळीच्या डोक्यावरचं कडं खाली ठोकत
एकोणपन्नास लाटा मारल्या.
शेवटी दोन्ही रांगा सोडल्या
आणि एकच सूर आला, ओळंब्यासारखा सरळ.
"आता कसं गुळगुळीत," परशा म्हणाला.

रविवारी युलालियाबाई मिस्किटा आल्या.
ऐंशीच्या पुढे, चौकटीचं लुगडं,
पायपट्ट्यांसाठी खास ठेवलेले कॅनव्हासचे बूट.
कम्युनियनची रांग लागली तसा त्यांनी तो खटका ओढला,
दोन ओळी वाजवल्या,
थांबल्या. आत ढकलला. पुन्हा ओढला.
माझ्याकडे न बघताच विचारलं,
"समुद्र कुठं गेला?"

मिस्सा संपल्यावर सांगितलं.
उंदा म्हणजे लाट. मारिस, समुद्राची.
ती रांग मुद्दामच उतरवलेली असते.
एकटीला ओढायचं नाही, शेजारणीबरोबर ओढायचं,
हलक्या बाजात, लांब सुरांवर,
माणसं जिभेवर भाकर घेऊन जागेवर परतत असतात तेव्हा.
लग्नात नाही. नाताळच्या गजरात तर नाहीच,
तिथं ती बुडते.
मग बूट सोडता सोडता म्हणाल्या,
"आणि तू लाट मारलीस, बाबा."

उलट वाटेने निघालो. कडं वर, केसभर.
सूर लावताना कुठं थांबायचं ते सूरच सांगतो.
बिघडवताना कोण सांगणार?
खालच्या बाकावर त्या डोळे मिटून बसायच्या,
मी वरून नळी सोडायचो.
"ही घाईची. मचव्याचं इंजिन आहे का?"
"ही मेलेली."
"ही ओहोटीची, अजून भरू दे थोडी."
एकदा नुसताच हात वर केला, बराच वेळ.
नंतर म्हणाल्या, बाप मिठागरावर होता,
पहाटे फाटक उचललं की खाडी अशीच आत यायची.
ती नळी मी तशीच सोडली. पुन्हा हात लावला नाही.

दुकानात अजूनही लाट मारतोच. धंदा आहे.
गिऱ्हाइकाला समुद्र नको असतो.

देवळाचं बिल असं झालं होतं:
एकोणपन्नास नळ्या सुरात आणणे.
एकोणपन्नास नळ्या सुरातून काढणे.
फादरांनी चष्मा वर केला. "दुसऱ्या कामाचे दुप्पट?"
"सहा दिवस लागले," म्हणालो,
आणि पहिली ओळ स्वतःच खोडली.