मुद्देमाल

एमएच तेरा. पुढचं आठवेना.
चौदा वर्षं बुडाखाली असलेल्या गाडीचा नंबर
ठाणे अंमलदारासमोर उभा राहिलो
आणि जिभेवरून उतरून गेला.
कागद?
कागद गाडीच्या पिशवीत, साहेब. गाडी चोरीला.
हवालदार बिराजदार हसले नाहीत.
तेवढ्यावर मी बाकावर टेकलो.

रंग?
घेतली तेव्हा लाल.
खूण?
सीट फाटलेली, चादरीच्या दोऱ्यानं शिवलेली,
हिरव्या. त्या दिवशी मागावर हिरवा होता.
हॉर्न वाजत नाही, हे सांगायचं का?
"सांगा की. चोराला पण कळू दे."
कुठनं गेली?
कारखान्याच्या दारातनं, लिंबाखालनं,
रोज लावतो तिथनंच.

माझं रोजचं त्यांच्या अक्षरात उतरत गेलं,
"सदर ठिकाणी", "अज्ञात इसमाने", "माझे संमतीशिवाय".
खाली मी सही केली:
वाचून पाहिली, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.
मागावरच्या आवाजानं कान गेलेत माझे,
पण त्या खोलीत पेनाचा आवाज ऐकू येत होता.

"मागं आवारात बघून या," म्हणाले,
"काल चार बेवारस आणल्यात. असली तर नशीब."

मागं चैत्रातलं ऊन, आणि गाड्या.
टायर मातीत बसलेले,
एका रिक्षाच्या हुडातनं एरंड वर आलेला,
दूधवाल्याच्या गाडीला कॅन तसाच बांधलेला,
एका पांढऱ्या मोटारीचं स्टेअरिंग
सीटच्या पोटात.
चोरीची, मारामारीची, दारूची, मेलेल्याची,
टाकीवर खडूनं गुन्ह्याचा नंबर,
पावसानं गेला की पुन्हा कुणीतरी गिरवलेला.
माझी नव्हती.

भिंतीकडेला एक काळी.
हँडल डावीकडं वळलेलं,
अजून वळणच घेत असल्यासारखं.
आरशाच्या दांडीला गोंडा,
पाच रंगांच्या तुटक्या दोऱ्यांचा.
गोंडा मी ओळखला.
दोरे मीच दिले होते राजव्वाला,
घरकुलात आमच्या भिंतीला भिंत.
पुरुषोत्तमनं नवी गाडी आणली तेव्हा
दारात बसून वळला होता तिनं.

होटगी रोड, रात्र, उसाची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही.
दोन वर्षं झाली.
दहाव्याला तिनं विचारलं होतं, गाडी कुठंय?
भंगारात गेली, अव्वा.
हे मी सांगितलं होतं. दुसरं कुणी नाही, मी.

आरसा शाबूत होता.
रुमालानं पुसायला गेलो, मग राहू दिला.

आत येऊन विचारलं.
बिराजदारांनी जाडं रजिस्टर काढलं, बोट खाली खाली गेलं.
"वारस आलेच नाहीत हो.
आईनं अर्ज करायचा, कोर्टातनं हुकूम आणायचा,
सुपूर्दनाम्यावर गाडी मिळते.
लिहिता येत नसेल तर या घेऊन, मी लिहितो.
पण लवकर. लिलावाची यादी निघालीय."
यादीत आहे?
त्यांनी पान माझ्याकडं फिरवलं.

फिर्यादीची प्रत फुकट मिळते.
घडी घातली, पाठीवर तो दुसरा नंबर लिहून घेतला,
आणि निघालो कुंभारीकडं, पायी.
सहा-सात किलोमीटर म्हणजे काय
हे गाडी असेपर्यंत माहीत नव्हतं.
वाटेत दोनदा तरी ठरवलं, उद्या सांगू.
एकदा ठरवलं, कशाला सांगू.

राजव्वा दारात, मांडीवर सूप,
कात्रीनं विडीची पानं कापत.
मान वर न करता तेलुगूत विचारलं,
"बंडी दोरिकिंदा?"
गाडी सापडली का.

खिशातला कागद हाताला लागला.
सापडली, म्हणालो.

कात्री चालतच होती.
एक पान, दुसरं पान.
"मग चालत कशाला आलास?"