पत्ता

तू सांगलीला गेलीस तेव्हा गॅसच्या पुस्तकाखाली
तुझा पत्त्यांचा डबा राहिला.
राहिला की ठेवलास, हे मी विचारलं नाही.
आठ महिने झाले.

रविवारी दुपारी, दांडिया बाजार पेंगत असताना,
मी त्यातला एक पत्ता काढतो.
तुझ्यासारखा डोळे मिटून, श्वास सोडून नाही;
रेशनच्या दुकानात पावती फाडतात तसा.

आज बारा नंबर आला.
उलटा टांगलेला माणूस.

तीस वर्षं प्रतापनगरच्या वर्कशॉपात
ड्रॉइंगच्या टेबलावर वाकलेला मी.
सवयीने आधी जोड तपासले.
आडवं लाकूड ओलं आहे, पानं फुटतायत अजून.
दोराचा व्यास दिलेला नाही.
सगळा भार एका घोट्यावर.
असलं ड्रॉइंग माझ्यापुढे आलं असतं
तर लाल पेन्सिल मारून परत पाठवलं असतं.

पण चेहरा बघ.
डोक्यात रक्त उतरलेल्या माणसाचा नाही तो.
न्हाव्याने खुर्ची मागे कलती केल्यावर
होतो ना, तसा.
हात पाठीमागे. बांधलेत
की आपणच एकमेकांत धरलेत, दिसत नाही.

बारोटांच्या नीताला तू हाच पत्ता समजावत होतीस.
"फाशी नाही गं ही. थांबणं आहे."
मी आतून ओरडलो, थांबायला बसस्टॉप आहे की!
नीता हसली.
तू पत्ते गोळा करून डब्यात भरलेस,
एकेक, कडा जुळवून.
ते मला ऐकू आलं होतं.

तुझ्या वहीत लिहिलंय, दुमडलेल्या पायाने चार हा आकडा होतो.
होतो, पण इंग्रजीतला.
आपला ४ म्हणजे गाठच की,
दोन्ही टोकं वर मोकळी असलेली.
मग भिंग आणून घोट्यापाशी बघत बसलो.
ही मारली कुणी?
चित्रात दुसरा माणूस नाही.
मागे दार नाही, शिडी नाही, कुणाची सावलीसुद्धा नाही.

चहा गार झाला.

संध्याकाळी अकोट्याकडे चालत गेलो.
वडांचं गाव आपलं, नावातच वड.
म्युनिसिपालिटीचा पोरगा शिडीवरून पारंब्या छाटत होता,
बसच्या टपाला लागतात म्हणून, दरवर्षी, त्याच उंचीवर.
मी विचारलं, ह्या कधी जमिनीला टेकतच नाहीत का रे?
"काका, पाछी ऊगशे," म्हणाला, आणि पुढची कापली.
कंपाउंडच्या आत मात्र एक सुटली होती त्याच्या कोयत्यातून.
ती खाली उतरून खोड झाली आहे.
तिला खिळा ठोकून चहावाल्याने
आरसा लावलाय.
त्यात मी दिसलो. सुलटा,
पण फारसं काही जमलेलं नसलेला.

लोक विचारतात, वहिनी कधी येणार?
मी म्हणतो, तिचा काही पत्ता नाही.
आणि पत्ता तर मला पाठ आहे:
विश्रामबाग, दुसरा मजला, पाटीवर तुझ्या बहिणीचं नाव,
पिनकोडसकट.
जा म्हणालो नव्हतो, हे मी सगळ्यांना सांगतो.
ये म्हणालो नाही, हे कुणी विचारत नाही.

रात्री परत भिंग घेतलं.
त्याचा दुसरा पाय मोकळा आहे, नीलाक्षी.
इतका वेळ मी बांधलेलाच बघत होतो.

डबा कुरिअरने पाठवणार होतो, पण
कुरिअरवाला आत काय आहे लिहा म्हणतो
आणि मला तो रकाना भरता येईना.
तेव्हा मीच घेऊन येतो.
शुक्रवारी, जमलं तर. तिकीट अजून काढलेलं नाही.

तू मोजशील, माहीत आहे मला.
सत्त्याहत्तर भरतील.
एक मी ठेवून घेतलाय, फ्रिजवर, लोहचुंबकाखाली,
डोकं खाली करून,
म्हणजे बरोबर.