भाड्याचा उजेड

रोज साडेपाचला मी सायकलला अठरा दिवे टांगते
आणि पलूसच्या रस्त्यानं
कारखान्याच्या मागल्या अंगाला जाते.
दिवसभर ते माझ्या पत्र्यावर ऊन खात पडलेले,
डबक्यातल्या म्हशींसारखे निवांत.

कारखाना चिपाडावर वीज करतो.
इतका झगझगतो, की त्याच्या भिंतीची सावली
कोप्यांवर रात्रीसुद्धा पडते.
तिथे चुलीपाशी एक चिमणी,
तीही रॉकेल मिळालं तर.

अब्बा शिकलगार.
सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव चाक फिरवलं.
नखावर धार बघायचे.
नाही लागली तर पैसे घ्यायचे नाहीत.
मी त्यांच्याकडनं तेवढंच उचललं:
दिवा पहाटे चारच्या आत विझला
तर त्या रात्रीचे पाच रुपये माफ.

बँकेतला साहेब फॉर्मवर अडला.
"धंदा की समाजकार्य? रकाना एकच भरता येतो."
मी म्हटलं, अब्बांच्या चाकाला काय म्हणाल?
त्यानं 'इतर'वर खूण केली.

डिसेंबरात मुकादम आला, बुलेटवर.
"चाळीस दिवे दे हंगामभर. पैसे आगाऊ.
वाटायचं मी बघतो, उचलीत धरतो."
चाळीस गुणिले पाच गुणिले दीडशे रात्री.
वहीच्या पाठीवर मांडलं. तीस हजार.
परत मांडलं.
मग विचारलं, उचलीत कितीनं धरणार?
तो नुसता हसला.

तेव्हापासून दिवा बाईच्याच नावावर.
द्वारका सानप. सोजर मिसाळ, बाकी पंचाऐंशी.
गयाबाई, हिचा दिवा बैलानं तुडवला,
अर्धे तिचे, अर्धे माझे,
बैलाचं काही नाही.

द्वारका तीनला उठून भाकरी थापते,
चारला फडात.
दुसऱ्या दिवशी दिवा परत देताना म्हणाली,
"ताई, रातीला पीठ दिसलं.
अळ्या व्हत्या त्यात.
म्हंजी आजवर आमी त्येच खाल्लं आसंल."
जरा थांबली.
"पाच रुपयात ह्ये बी दाखवलंस."
राग होता का हसू, मला कळलं नाही.
त्या रात्रीचे पैसे घ्यावेत का,
तेही कळलं नाही.
तिनं माझ्या हातावर ठेवले.

एप्रिलात कोप्या उठल्या.
राहिली चुलींची काळी वर्तुळं
आणि माझ्या पत्र्यावर सोळा दिवे.
दोन कुठे गेले, मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं. हप्ता चालू आहे.

जूनमध्ये फोन आला, बीडकडचा.
"इकडं बी रात हायेच की ताई.
टपालानं किती लागंल?"

नवं पान काढलं.
तालुका: पाटोदा.
टपालखर्च: निम्मा-निम्मा.
जामीन:
इथे थोडा वेळ पेन थांबलं.
मग लिहिलं,
पीठ चाळून घेते.