टाचण्या

झुगदिदीहून निघालेली व्हॅन धरणाच्या वर थांबली.
दरड.
ड्रायव्हरने सिगरेट पेटवली आणि डोंगराकडे
उधारीवाल्याकडे बघावं तसा बघत राहिला.
माझ्या मांडीवर खोकं, त्यात बारीहून आणलेली
दोन कपांची कॉफीची किटली.
पर्समध्ये चार घड्यांचा एक कागद,
त्याबद्दल कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन तासांनी बर्फ ढकलायचा पिवळा ट्रॅक्टर आला.
मे महिना, म्हणून माती ढकलत होता.
आतल्या माणसाने टोपी उचलून आम्हाला वाट दिली.
जाड भुवया, डाव्या हाताला अंगठा नाही.

"तो?" मकवालाच्या अंगणात मी विचारलं.
"तोच. बिमुर्झा.
सव्वीस वर्षं हाच रस्ता मोकळा करतोय.
मी इटलीहून परत आले त्या दिवशीही
यानेच केला होता.
तेव्हा बोललो नाही. थंडी होती."

स्वयंपाकघरात तिच्या जावा मीठ कुटत होत्या,
लसूण, मेथी, सुकवलेला झेंडू.
डोळे चुरचुरत होते सगळ्यांचेच,
त्यामुळे माझं खपून गेलं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी नवरी, असं कुणी म्हटलं नाही.
फक्त एक म्हातारी आत्या
बटाटे सोलता सोलता एकटीच हसत होती.

अकरा वर्षं आम्ही बारीत एक खोली वाटून घेतली.
खाट एकच. मी रात्रपाळीची, ती दिवसाची.
चादर कधी गार झालीच नाही.
गुरुवारी दुपारी स्टेशनसमोरच्या बाकावर
सूर्यफुलाच्या बिया फोडत
आपापल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी करायच्या,
आपली म्हातारी जास्त त्रासदायक, यावर भांडायचंसुद्धा.
तिने नवऱ्याला माती दिली ती फोनवर.
फोन मी धरला होता,
कारण तिचे हात साबणाचे होते,
आणि टबात बसलेली सिन्योरा म्हणत होती,
पाणी निवतंय.

रात्री तिने पोशाख घातला. गडद निळा.
"पांढरा घातला तर मेंढ्या मागे लागतील."
काखेत दाटत होता.
मी गुडघ्यांवर बसून शिवण उसवली,
तोंडात आठ टाचण्या धरल्या.
ती बोलत होती: छपराचे पत्रे, पोलंडमधला मुलगा,
तो येणार नाही, पण वॉशिंग मशीन पाठवलंय,
बिमुर्झा झोपेत गिअर बदलतो म्हणे,
हे तिला कसं माहीत, ते मी विचारू शकले नाही.
"बोल ना काहीतरी."
मी टाचण्यांकडे बोट दाखवलं.

कागदात असं होतं: दोन बहिणी,
एक ब्याऐंशी, एक नव्वद. घर एकच, मजले दोन.
बायका दोन हव्यात, शक्यतो एकमेकींना ओळखणाऱ्या.
जूनपासून.

डबीत टाचण्या सात परतल्या.
कंदील खाली धरून दोघींनी फळ्यांच्या फटी शोधल्या.
बाहेर नदी एवढी मोठ्याने वाहत होती
की हळू बोलायची सोयच नव्हती.

सकाळी तिने नवी किटली चुलीवर ठेवली,
पहिली कॉफी रीतीप्रमाणे फेकून दिली, दुसरी ओतली.
शेजारच्या दगडी मनोऱ्यातून कुणीतरी
गवताचे भारे खाली टाकत होतं.
"किती देतात?" तिने विचारलं.
मी चमकले.
"काल पर्समधून चष्मा काढायला सांगितलास ना मला."
मी आकडा सांगितला.
तिने शीळ घातली. मग बराच वेळ
कपात बघत राहिली. मला वाटलं, हिशेब करतेय.
खरंच करत होती.

"खालचा मजला माग," म्हणाली.
"दुसरी कुणी येईल तिला वर चढू दे.
तुझे गुडघे काल मी बघितलेत."